वजन कमी करायचं इंजेक्शन आपल्या गावात खरं कितीले पडते, हिशोब असा लावा

"भाऊ, ते वजनाचं इंजेक्शन कितीले भेटते?" हा प्रश्न मले आता लग्नात, एसटीत, बाजारात, कुठंही कोणीही विचारते. कारण माझी मोठी ताई एप्रिल २०२५ पासून ते घेऊन राहिली आणि तिच्यात पडलेला फरक सगळ्यांना दिसून राहिला. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. ताईचं वजन ९८ किलो होतं, शुगर दहा वर्षांची, गुडघे असे की वावराच्या धुऱ्यापर्यंत चालणं होत नव्हतं. औषध आणणं, ठेवणं, पैशाचं पाहणं सगळं माझ्याकडे, आणि पहिल्या दिवसापासून मी एका वहीत खर्च लिहून ठेवला. त्या वहीच्या भरवशावरच हे लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावाचा हिशोब लावता येईल.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. खोक्यावर छापलेली एमआरपी मुंबईत जी तीच गडचिरोलीत, कंपनी जिल्ह्यानुसार वेगळी किंमत छापत नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सगळे टॅक्स धरून, त्याच्यावर एक रुपया कोणी घेऊ शकत नाही, कमी मात्र घेऊ शकतो. मग आपल्याला महाग काऊन पडते? तर खर्चाचा फरक खोक्याच्या बाहेर पडते. सूट किती भेटली, आणायला किती लागले, डॉक्टर किती लांब, मजुरी किती बुडाली आणि रस्त्यात औषध खराब झालं का, यानं फरक पडते. शहरातल्या माणसाला यातलं काहीच मोजावं लागत नाही म्हणून व्हिडिओत तो जो आकडा सांगतो तो आपल्या कामाचा नाही.

आता छापील भाव. मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड, भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी काचेची बाटली, ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५. आठवड्याला एक म्हणजे महिन्याचे १४,००० नाहीतर १७,५००. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा पेन आला, एका पेनात महिन्याचे चार डोस, डोसप्रमाणे १४,००० पासून २७,५०० पर्यंत. मग २२ सप्टेंबर २०२५ ला औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे ३,५०० ची व्हायल ३,२८१ च्या आसपास यायला पाहिजे, १४,००० चा पेन १३,१२५ ला. वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड, जून २०२५ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनं तोच १०,८५० वर आणला आणि सगळ्यात मोठा २.४ चा डोस १६,४०० वर. डिसेंबर २०२५ मध्ये ओझेम्पिक आलं, औषध तेच सेमाग्लुटाइड पण मंजुरी शुगरच्या पेशंटसाठी, तेव्हा महिन्याला ८,८०० पासून ११,१७५ पर्यंत.

एवढे आकडे मुद्दाम दिले कारण भाव वर्षभरात चारदा हलले. शेजारच्या बाईनं मागच्या दिवाळीत जे पैसे दिले ते आज लागू नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, त्यामुळे आपल्या भारतीय कंपन्यांना ते बनवायचा रस्ता मोकळा झाला. म्हणून आज कोणी नवीन सुरू करत असेल तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा, "साहेब, यातलं भारतीय कंपनीचं सेमाग्लुटाइड चालते का, ते कितीले पडते?" लाजू नका. टिर्झेपटाइडचं पेटंट मात्र अजून आहे, त्यात तसं स्वस्त येणार नाही, म्हणून दुकानात कोणी "मौंजारोचंच लोकल आहे" म्हणत असेल तर घेऊ नका.

देशादेशातही एकाच औषधाचे भाव असेच वेगळे, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या केएफएफ या संस्थेनं २०२३ मध्ये तुलना केली होती, वेगोवीची छापील किंमत तिथं महिन्याला १,३४९ डॉलर आणि जर्मनीत तेच औषध ३२८ डॉलर. ओझेम्पिक अमेरिकेत ९३६, जपानमध्ये १६९, फ्रान्समध्ये ८३. औषध एकच, सुई एकच. जिथं सरकार किंवा मोठी विमा व्यवस्था सगळ्या देशाच्या वतीनं कंपनीशी भाव ठरवते तिथं स्वस्त, जिथं मधात दलाल आणि विमा कंपन्यांची गुंतागुंत तिथं महाग. ब्रिटनमध्ये तर सप्टेंबर २०२५ मध्ये मौंजारोच्या मोठ्या डोसची किंमत एका झटक्यात १२२ पौंडावरून ३३० पौंडावर नेली. सांगायचं कारण, पुण्या-मुंबईतले लोक "भाचा अमेरिकेहून आणते, दुबईहून आणते" म्हणतात त्यांच्या नादी लागू नका, अमेरिकेत ते आपल्यापेक्षा कितीतरी महाग आहे आणि विमानाच्या बॅगेत थंड राहिलं का ते कोणालाच माहीत नसते.

आता आपल्या विदर्भाचं. आमच्या इकडं तीन पायऱ्या आहेत, तालुका, जिल्हा आणि नागपूर. तालुक्याच्या मेडिकलवर ही औषधं ठेवलेली नसतात, ऑर्डर द्यावी लागते, आणि दुकानदार बिचारा सूट देत नाही कारण महिन्याला एकच गिऱ्हाईक, नाही नेलं तर फ्रिजमध्ये पडून एक्स्पायरी होईल ही त्याची भीती. आम्हाला तालुक्यात पूर्ण एमआरपी लागली, अमरावतीत ८-१० टक्के कमी, नागपुरात एकानं १५ टक्के कमी दिलं. ऐकायला नागपूर भारी वाटते. पण अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, आमच्या गावाहून अजून लांब, पहाटे निघून रात्री परत, दोन माणसांचं भाडं, जेवण, एक दिवस गेला. १३,००० च्या पेनावर १५ टक्के म्हणजे १,९५० वाचतात, अमरावतीत १० टक्क्यांनी १,३०० तसेही वाचले असते, म्हणजे नागपूरचा खरा फायदा ६५० रुपयाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याच्याहून जास्त. नागपूरला तेव्हाच जा जेव्हा दुसरं काम आहे किंवा डॉक्टरच तिथले आहेत.

एसटीचं लक्षात ठेवा. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या वर फुकट. औषध आणायला घरातला पोट्टा मोटरसायकलीवर पाठवण्यापेक्षा ताई स्वतः किंवा आई गेली तर पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते, आणि डॉक्टरला दाखवणं त्याच फेरीत होते. आम्ही हे तीन महिन्यांनी शिकलो.

सूट किती खरी हे ओळखायचा एक मार्ग आहे. अशा औषधांवर दुकानदाराचं मार्जिन साधारण २० टक्के असते. तो १०-१५ टक्के सोडू शकते, त्याचंही घर चालते. पण मोठ्या विदेशी कंपनीचा पेन कोणी ४०-५० टक्के सुटीत देतो म्हणत असेल, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून, तर तो आणते कुठून याचा विचार करा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट ओझेम्पिकबद्दल जगभरात इशारा दिला होता, हा खेळ चालते म्हणूनच दिला. भारतीय कंपनीच्या जेनेरिकवर मात्र एमआरपी आणि दुकानदाराची खरेदी यात फार फरक असू शकते, तिथं मोठी सूट भेटणं संशयाचं नाही, उलट घासाघीस केलीच पाहिजे. दोन्हीत पक्कं बिल घ्या, बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी आहे का ते काउंटरवरच खोक्याशी जुळवून पाहा. जुन्या स्टॉकवर जीएसटी कमी व्हायच्या आधीची एमआरपी छापलेली असू शकते, त्यावर "नवीन टॅक्सनं लावा" म्हणा. आणि बर्फाचे, पार्सलचे म्हणून एमआरपीच्या वर पैसे मागितले तर देऊ नका, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. सरकारचं फार्मा सही दाम नावाचं ॲप आहे, औषधांच्या किमती त्यात पाहता येतात.

हे सगळं एकीकडं आणि आमच्या उन्हाळ्याचा खर्च एकीकडं. तो कोणत्याच व्हिडिओत नसते.

औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असते. फ्रिजबाहेर ठेवायची मुभा आहे, मौंजारोला २१ दिवस, पण ३० डिग्रीच्या आत. आता सांगा, मे महिन्यात दर्यापुरात, अकोल्यात, ब्रह्मपुरीत ३० डिग्री कोणत्या घरात असते? बाहेर ४५, टिनाच्या खोलीत त्याहून वाईट, रात्रीही भिंती गरम. म्हणजे ती मुभा आपल्यासाठी हिवाळ्यातच. आणि उलट बाजूनं, औषध गोठलं तर ते कायमचं गेलं, वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही.

मे २०२५ मध्ये माझ्या हातून हेच झालं. ताईचा डोस ५ मिलिग्रॅमवर गेला होता, अमरावतीहून चार व्हायल घेतल्या, दुकानात त्यांनी थर्माकोलच्या डब्यात टाकून दिल्या, आणि मी काय केलं तर एसटी स्टँडसमोरून बर्फाच्या गच्च गोठलेल्या दोन पट्ट्या घेऊन व्हायलींच्या वर चिटकवून ठेवल्या, म्हटलं एवढ्या उन्हात जास्त थंड तेवढं चांगलं. घरी येऊन डबा उघडला तर दोन व्हायली पट्टीले चिटकलेल्या, काचेच्या आत पांढरं. ताई म्हणे, "वितळलं की होईल ना बरोबर?" मी डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले फेकून द्या. ८,७५० रुपये. ताई त्या रात्री जेवली नाही, पैशासाठी.

दुसऱ्या दिवशी आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं समजावून सांगितलं, आणि ते सगळ्यांना उपयोगी आहे. लसीच्या डब्यात त्या फ्रीजरमधून काढलेली बर्फाची पट्टी लगेच टाकत नाहीत. पट्टी बाहेर ठेवतात, वरून घाम सुटते, मग कानाजवळ धरून हलवतात, आत पाणी खळखळ वाजलं म्हणजे पट्टी तयार झाली, तेव्हाच डब्यात. तसंच करा. पट्टी सुती कपड्यात गुंडाळा, औषध त्याच्या कागदी खोक्यातच राहू द्या, दोघांच्या मधात पेपरची घडी. डब्यात छोटा डिजिटल थर्मामीटर टाका. आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जा, दुपारच्या आत घरी.

घरच्या फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेवा, बर्फाच्या कप्प्याखाली लगेच नाही, एका दाराच्या फ्रिजमध्ये तिथं गोठते. दारातही नाही, दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. लाइन जाते तेव्हा फ्रिज उघडूच नका, पाण्याच्या चार-पाच बाटल्या नेहमी आत भरून ठेवल्या की थंडावा जास्त वेळ टिकते. माठात औषध ठेवणारे पाहिले आहेत, माठ एवढा थंड होत नाही. ज्यांच्या घरी फ्रिज नाही किंवा लाइन सहा-सहा तास जाते त्यांनी एप्रिल ते जून महिन्याचं औषध एकदम आणू नये, तालुक्याच्या मेडिकलवाल्याशी बोलून त्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगावं आणि आठवड्याला एक व्हायल न्यावी, इथं तालुक्याला पूर्ण एमआरपी देणं परवडते. पेन असेल तर तसं जमत नाही. ऑनलाइन मागवायचं असेल तर पार्सल गावापर्यंत येते का तालुक्याच्या ऑफिसात दोन दिवस पडते हे आधी विचारा, मे महिन्यात मी तरी मागवणार नाही.

आता महिन्याचा हिशोब कसा मांडायचा ते. वहीच्या एका पानावर औषध लिहा, पण आजचा डोस लिहून थांबू नका. ही औषधं लहान डोसनं सुरू होतात आणि साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवतात, डोस वाढला की बहुतेक वेळा किंमतही वाढते. नोव्हेंबर २०२५ च्या भावानं वेगोवी १०,८५० ला सुरू होऊन १६,४०० पर्यंत जात होतं, म्हणजे वर्षाचे कमीत कमी १,३०,२०० आणि वरच्या डोसवर वर्षभर राहिलं तर १,९६,८००. आपल्या भाषेत सांगतो, २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, तोही भेटला तर, म्हणजे सुरुवातीच्या डोसलाच महिन्याला दोन क्विंटल सोयाबीन लागले. वर्षाचे २४ क्विंटलच्या वर. किती एकराचं पीक झालं ते तुमचं तुम्ही पाहा.

त्याखाली डॉक्टरची फी, पहिले काही महिने दर महिन्याला. त्याखाली जाणंयेणं, आमचं अमरावतीचं दोघांचं चहा-नाश्ता धरून चारशे-साडेचारशे होते. त्याखाली बुडालेली मजुरी, ही कोणी लिहीत नाही पण कापूस वेचणीच्या दिवसात एक दिवस जाणं म्हणजे खरोखर पैसे जाणं आहे. मग तपासण्या, तीन महिन्यांची शुगर, किडनी, लिव्हर, शुगरवाल्यांना डोळ्याचा पडदा. या तपासण्या खाजगीत करायची गरज नाही, सेवाग्रामला, यवतमाळ-अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, नागपूरच्या एम्सला फार कमी पैशात होतात, रांग आहे पण डॉक्टर चांगले आहेत. तिथं अमृत फार्मसी, म्हणजे सरकारी स्वस्त औषधाचं दुकान, असेल तर औषधाचाही भाव विचारून या. सुया, सिरिंज हे किरकोळ, पण पेनासोबत सुया आहेत का ते विचारा.

विम्याचं एका वाक्यात सांगतो, महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान कार्ड, ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरी घ्यायच्या या इंजेक्शनचे पैसे त्यातून येत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा पैशाचा नाही, महिन्यांचा आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून पोरीच्या लग्नाआधी तीन महिने घेऊन सोडून देतो असं म्हणणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, ते ४० हजार दुसरीकडं लावा. किमान दीड वर्षाचे पैसे हाताशी दिसत असतील तरच सुरू करा. मधात दोन-तीन डोस चुकले तर डॉक्टर पुन्हा लहान डोसपासून चढवू शकतात, म्हणजे आधीचे पैसे गेल्यासारखेच. पैसे कमी पडतात म्हणून व्हायल अर्धी-अर्धी करून ठेवू नका, ती एका वेळचीच असते, उघडल्यावर उरलेलं टाकायचं असते. पैशाची अडचण डॉक्टरला स्पष्ट सांगा, ते डोस आहे तिथंच थांबवू शकतात, दुसरं औषध देऊ शकतात. आमच्या डॉक्टरांनी ताईचा डोस ५ वरच ठेवला, वजन हळू उतरते पण उतरते, ९८ वरून ८४ वर आली.

चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे पैशासाठीही म्हणतो. ताई शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती, आपल्याकडं भरपूर शुगरवाल्यांना तीच असते, या इंजेक्शनसोबत ती तशीच चालू ठेवली तर शुगर खाली पडून माणूस चक्कर येऊन पडते, डॉक्टरनं पहिल्याच दिवशी ती कमी केली. भरती व्हावं लागलं असतं तर वर्षाचं औषध त्यातच गेलं असतं. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे, आणि आपल्या विदर्भात भरपूर घरात आहे, त्यांनी तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय हात लावू नये, कारण सुरुवातीला उलट्या-मळमळ होते, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होते आणि सिकलसेलवाल्याला त्यानंच क्रायसिस, म्हणजे अंग दुखण्याचा जोराचा झटका, येते. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बायांनी, स्वादुपिंडाची सूज किंवा घरात थायरॉइडचा कॅन्सर झालेल्यांनीही हे पहिल्याच भेटीत सांगा.

फोन लावायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा आणि तीन दुकानांना सारखेच प्रश्न विचारा, एक तालुक्याचं, एक जिल्ह्याचं, एक नागपूरचं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, पेन का व्हायल. छापील एमआरपी किती, मला कितीले देणार. बॅच कोणत्या महिन्याची, एक्स्पायरी कधी. पक्कं बिल भेटते ना. तुमच्याकडं फ्रिजला इन्व्हर्टर आहे का. आणि शेवटचं, मी सकाळी नऊला आलो तर तुम्ही ते फ्रिजमधून माझ्यासमोर काढून द्याल का, का आधीच काढून काउंटरवर ठेवाल. आम्ही आता ज्या मेडिकलमधून घेतो तो सर्वात स्वस्त नाही, १० टक्केच सोडते, पण ताई काउंटरसमोर उभी राहेपर्यंत तो फ्रिज उघडत नाही.